भिशीचं जहाज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

यवतमाळहून भूमध्य समुद्र गाठायला आम्हाला अकरा वर्षं लागली. अंतर फार म्हणून नव्हे. पैसा महिन्यामहिन्यानं साठत गेला आणि मधल्या काळात आयुष्यानं जे जे पुढ्यात टाकलं ते निस्तरत राहिलो, म्हणून. २०१३ च्या जानेवारीत पहिला हप्ता भरला आणि २०२४ च्या मे महिन्यात इटलीतल्या जिनोवा बंदरात जहाजाची शिडी चढलो.

श्रोतेहो, युरोपची प्रवासवर्णनं मराठीत पुष्कळ आहेत आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी जाणत्या मंडळींनी लिहिली आहेत. आयफेल टॉवर किती उंच आणि स्वित्झर्लंडमधला बर्फ किती पांढरा, हे मी सांगत बसणार नाही. मला सांगायचं आहे चार बायकांच्या भिशीबद्दल, त्या भिशीतून निघालेल्या सफरीबद्दल, आणि ठरवलेल्या चार जोडप्यांतला एक माणूस निघण्याआधीच कमी झाल्यावर आम्ही काय केलं त्याबद्दल.

आधी आमची ओळख करून देते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झाले. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या वणीच्या वहिनी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांच्या यजमानांची कळंबच्या बाजूला बावीस एकर शेती, मुख्य पीक कापूस. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. दारव्ह्याच्या ताईंचे यजमान, म्हणजे आमचे दादा, जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाचे ग्रेडर. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती मिलिमीटरचा ते सांगायचं, यात त्यांचा जन्म गेला. आणि चौथ्या पुसदच्या वहिनी. त्यांचे यजमान माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माहेरच्या गावावरून बायकांना ओळखायची आमच्याकडे रीत आहे, तेव्हा मीही त्यांची नावं न सांगता गावंच सांगते.

भिशी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. दरमहा पैसे गोळा करायचे, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिनं रक्कम उचलायची आणि सगळ्यांना पोहे-चिवडा खाऊ घालायचा. आमच्या भिशीत चिठ्ठी नव्हती. प्रत्येकीनं आपापल्या नावानं पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं काढलं. महिन्याला तीन हजार. दहा तारखेला चौघींनी एकत्र पोस्टात जायचं, हप्ता भरायचा आणि बाहेर उसाचा रस प्यायचा. ‘कशासाठी जमवता?’ असं कोणी विचारलं, तर पुसदच्या वहिनी सांगायच्या, ‘जहाजात बसाले.’ लोक हसायचे. आम्हीही हसायचो. पण हप्ता चुकला नाही.

पहिली पाच वर्षं संपली त्याच सुमाराला २०१७ चा हंगाम आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ते साल समजावून सांगायला नको. बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी पडली. बोंडं बाहेरून चांगली दिसायची, फोडली की आत कीड आणि कवडी. भाऊंच्या बावीस एकरांत लागवडीचा खर्चही निघाला नाही. २०१८ च्या सुरुवातीला आम्ही नवी खाती काढून हप्ता पाच हजार करायचं ठरवलं, तेव्हा वणीच्या वहिनी म्हणाल्या, मला यातून काढा. आम्ही काढलं नाही. सात महिने त्यांचा हप्ता आम्ही तिघींनी वाटून भरला. पुढच्या दिवाळीपासून त्यांनी तो थोडा थोडा करून फेडला, पैशापैशानं. ती सात महिन्यांची वही आजही माझ्याकडे आहे. सफरीचा खरा पाया त्या वहीत आहे असं मला वाटतं.

दुसरा घाव याहून मोठा होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सर गेले. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. अंत्यदर्शनही धड झालं नाही. त्या महिन्यात कोणाचंच होत नव्हतं. त्यानंतर दीड-दोन वर्षं पुसदच्या वहिनी घराबाहेर पडल्या त्या बँकेत आणि दवाखान्यात. मुलगी पुण्याला, तिनं चार महिने नेलं, पण त्या परत आल्या. दहा तारखेला मात्र पोस्टात यायच्या. बोलायच्या नाहीत, रस प्यायच्या नाहीत, हप्ता भरून निघून जायच्या.

२०२३ साली दुसरी मुदत संपली. व्याजासकट प्रत्येकीचे साडेसहा लाखांच्या आसपास झाले. दोन माणसांचा युरोप आणि जहाज मिळून सात लाखांच्या घरात खर्च होता. म्हणजे थोडी भर घातली की जमत होतं. आम्ही चौकशीला लागलो आणि पहिल्याच दिवशी पुसदच्या वहिनींनी सांगून टाकलं, ‘तुमी जोडीजोडीनं चालल्या. मी मंधात कायले येऊ?’

हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण तो आधी हिशेबाचा आहे. सहलीच्या कंपन्यांचं सगळं गणित दोनच्या पाढ्यानं चालतं. हॉटेलची खोली दोघांची, जहाजातली केबिन दोघांची. एकट्या माणसाला खोली हवी असेल तर तिचे पैसे जवळजवळ दोघांचे पडतात. नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यायची. म्हणजे जो माणूस आधीच एकटा पडला आहे, त्यानं एकटं असल्याचा दंडही भरायचा. आणि पैशापलीकडचं वेगळंच. तीन जोडपी पुढे चालणार, फोटो काढणार, संध्याकाळी आपापल्या खोलीत जाणार, आणि ही एक बाई मागे. वहिनींना ते दिसत होतं.

तोडगा काढला वणीच्या वहिनींनी. परिचारिकेला वॉर्डातल्या खाटा मांडायची सवय असते. त्यांनी वहीवर आकडे मांडले. ‘सातला दोननं भाग जात नाही. पण चार नि तीन होतात.’ चार बायका आणि तीन पुरुष. जमिनीवरच्या हॉटेलात बायकांच्या दोन खोल्या, पुरुषांची तिघांची एक. जहाजात चार खाटांची एक केबिन बायकांची, तीन खाटांची एक पुरुषांची. जहाजात तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला भाडं कमी पडतं, त्यामुळे उलट पैसेच वाचले. आमचे हे जरा गप्प झाले. अडतीस वर्षांच्या संसारानंतर युरोपला जायचं आणि तिथे दादांचं घोरणं ऐकायचं, ही कल्पना त्यांना काही पटकन पचली नाही. पण भाऊ म्हणाले, ‘अहो, लग्नात जानवसा असतोच ना? पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. समजा आठ दिवस लग्न आहे.’ मग कोणी काही बोललं नाही.

बोलणारे बाहेर होतेच. ‘नवरा जाऊन तीन वर्षं झाली नाहीत आणि निघाली विलायतेला,’ हे वहिनींच्या कानावर घालायला एक वडीलधाऱ्या बाई मुद्दाम घरी आल्या होत्या. मला त्या वेळी पंडिता रमाबाई आठवल्या. १८८२ साली त्यांचे पती वारले आणि १८८३ साली त्या लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. समुद्र ओलांडला म्हणून पुरुषांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागे तो काळ. त्यावर त्यांनी मराठीत प्रवासाचा वृत्तान्तही लिहिला. एकशे चाळीस वर्षांपूर्वी एक विधवा मराठी बाई ज्या वाटेनं गेली, त्या वाटेवर आज आपण कोणाला विचारून जायचं? एवढंच मी वहिनींना म्हटलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पासपोर्टसाठी फोटो काढून आल्या.

व्हिसाचं प्रकरण लवकर सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी काहींना त्याचा उपयोग होईल. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, माल्टा, स्पेन हे सगळे देश शेंगेन करारात आहेत, म्हणून एकच व्हिसा चालतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचे उतारे, आयकराची कागदपत्रं लागतात. भाऊंचं उत्पन्न शेतीचं, म्हणून त्यांनी सातबारा आणि बाजार समितीच्या पावत्या जोडल्या, भाषांतर करून. पुसदच्या वहिनींना मृत्यूचा दाखला जोडावा लागला. झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी तो हातात घेतला तेव्हा आम्ही तिघी काही न बोलता जवळ उभ्या होतो.

मे महिन्यात यवतमाळचं ऊन चव्वेचाळीसच्या पुढे असताना आम्ही कळंब-वर्धा मार्गानं नागपूर गाठलं, तिथून मुंबई आणि मुंबईहून पॅरिस. पॅरिस आणि ल्युसर्न इथले सहा दिवस छान गेले. नंतर आल्प्स ओलांडून मिलानमार्गे जिनोवाला उतरलो. आमची खरी सफर तिथून सुरू झाली.

जिनोवा हे जुनं व्यापारी बंदर. बंदरावर दीपस्तंभ आहे, आजचा मनोरा १५४३ सालचा. दादा त्या दीपस्तंभाकडे बघत नव्हते, ते लोकांच्या पँटी बघत होते. कारण मी आदल्या रात्री सांगितलं होतं की ‘जीन्स’ हा शब्द या शहरावरून आला असं मानतात. फ्रेंच लोक जिनोवाला ‘जेन’ म्हणतात. तिथलं जाडंभरडं कापड ते जीन. आणि डेनिम म्हणजे फ्रान्समधल्या नीम गावचं, ‘द नीम’. त्या कापडाचा निळा रंग ज्या निळीचा, त्या निळीचं इंग्रजी नाव ‘इंडिगो’ आपल्या देशावरून पडलेलं. दादा म्हणाले, ‘म्हणजे गाव यायचं, रंग आपला. आन् कापूस?’ तो प्रश्न पुढे सात दिवस आमच्याबरोबर जहाजात होता.

जहाज म्हणजे तरंगतं गावच. पाच हजारांवर प्रवासी आणि त्यांची सेवा करणारे हजार-दीड हजार कर्मचारी. आमची चौघींची केबिन रेल्वेच्या डब्यासारखी: दोन पलंग खाली, दोन खाटा छतातून खाली येणाऱ्या, चढायला शिडी. मी वजनानं हलकी म्हणून एक वरची खाट माझी. दुसरी वणीच्या वहिनींनी घेतली, चौसष्टाव्या वर्षी. न्हाणीघर एकच, त्यामुळे सकाळचा क्रम ठरवून दिला: पहाटे पाचला पुसदच्या वहिनी, मग पुढच्या. रात्री दिवा मालवल्यावर चौघी बोलत पडायचो. सरांविषयी वहिनी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलल्या त्या तिथे, अंधारात. समोर कोणाचा चेहरा दिसत नसला की काही गोष्टी बोलता येतात. समोरच्या केबिनमध्ये तिघे पुरुष रमी खेळत असायचे.

दुसऱ्या दिवशी नेपल्स. इथे आम्ही दोन गट केले. पुरुष पॉम्पेई बघायला गेले, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. आम्ही चौघी गेलो नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात, एका बाईला भेटायला. ही बाई हस्तिदंताची आहे, वीतभराहून थोडी उंच. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात सापडली. अंगावर दागिने आपल्याकडचे, हात बांगड्यांनी भरलेले. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. त्यामुळे ती सातवाहनांच्या राज्यातून, आपल्या दख्खनमधून तिथे गेली असावी असं अभ्यासकांना वाटतं. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या वृत्तान्तात तेरहून, म्हणजे तगरहून, भडोचच्या बंदराकडे गाड्या भरभरून सुती कापड जात असल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या मुलखातला कापूस दोन हजार वर्षांपूर्वीही या समुद्राच्या वाटेला लागलेला होता.

ज्या दालनात ही मूर्ती आहे, तिथे पॉम्पेईतली जी इतर चित्रं आणि शिल्पं आहेत त्यांचं वर्णन रेडिओवर करणं बरं नव्हे. दारव्ह्याच्या ताई पदर तोंडाला लावून जमिनीकडे बघत चालत होत्या. पण त्या मूर्तीसमोर आल्यावर सगळ्या थांबल्या. मधली बाई उभी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या कमरेएवढ्या दोन दासी, साजशृंगाराचं सामान घेऊन. पुसदच्या वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हे बी एकटी नाही आली वो इतक्या दूर. दोघींले संगं घेऊन आली.’

पुढचं बंदर मेसिना. २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटेच्या भूकंपानं हे शहर जमीनदोस्त झालं होतं. आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. शहर पुन्हा उभं राहिलं. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात बाराच्या ठोक्याला ब्राँझचा सिंह गर्जतो आणि कोंबडा आरवतो. आमचे तिघे पुरुष तो कोंबडा बघून शाळकरी पोरांसारखे टाळ्या पिटत होते.

मग माल्टा. या बेटावर मी एक दिवस आणखी राहिले असते. इथे बारमाही नदी नाही. पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर आपण नळाच्या पाण्याची किती दिवस वाट बघत होतो, ते यवतमाळकर विसरलेले नाहीत. आमच्या जहाजावरही समुद्राचंच पाणी गोडं करून वापरत होते. नळ सोडला की पाणी येत होतं, पण दारव्ह्याच्या ताई शेवटपर्यंत मगात पाणी घेऊनच दात घासत राहिल्या.

माल्टाची आणखी एक गोष्ट भाऊंना मी राखून ठेवली होती. अठराव्या शतकात या बेटाचं मुख्य नगदी पीक कापूस होतं. माल्टी लोक सूत कातून ते बाहेर विकायचे. पुढे स्वस्त परदेशी कापसानं त्यांची शेती मोडली. आणि १८७० साली इंग्लंड ते मुंबई अशी समुद्राखालून तारेची लाईन पूर्ण झाली, ती माल्टावरूनच गेली. त्याआधी १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, वाट जवळ झाली. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर आपली शकुंतला धावू लागली, ती मुळात कापसाच्या गाठींसाठीच. यवतमाळच्या गाठी मूर्तिजापूर, मुंबई, सुएझ अशा या समुद्रातून मँचेस्टरकडे जायच्या आणि लिव्हरपूलचा भाव तारेनं याच बेटावरून उलटा यायचा. भाऊ किल्ल्याच्या कठड्यावर बसून बंदराकडे बघत होते. म्हणाले, ‘माल इकडून गेला, भाव इकडून आला. फक्त शेतकरी तेवढा आज आला.’

नंतरचा एक दिवस पूर्ण समुद्रात. जहाज थोडं हललं. वणीच्या वहिनींनी सगळ्यांना सुंठ चघळायला दिली. त्या रात्री सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घालून जेवायला जायचं असतं. आम्ही चौघी पैठण्या नेसलो. जहाजाचा छायाचित्रकार जोडप्यांचे फोटो काढत होता: एकेक जोडी उभी करायची, हात असा, मान तशी. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, पुसदच्या वहिनी बाजूला खांबाशी उभ्या आहेत आणि आम्हा तिघींच्या पर्सा त्यांच्या हातात आहेत. कोणी दिल्या नव्हत्या, त्यांनीच घेतल्या होत्या. माणसाला चौकटीबाहेर राहायची सवय लागली की दुसऱ्यांच्या पर्सा आपोआप हातात येतात. वणीच्या वहिनी चार शब्दांत बोलल्या, ‘पर्सा खाली ठेवा, वहिनी.’ पहिला फोटो आम्हा चौघींचा झाला. दुसरा सातांचा. जोडप्यांचे फोटो मग काढायचे राहूनच गेले, आणि कोणालाही त्याची चुटपुट लागली नाही.

बार्सिलोनाला सगळे गौदीचं चर्च बघतात, आम्हीही पाहिलं. १८८२ पासून बांधकाम सुरू आहे. पण दादांना बघायची होती कापड गिरणी. माँज्युइक टेकडीच्या पायथ्याशी १९११ ची एक देखणी लाल विटांची गिरणी आहे, तिचं आता कलादालन झालं आहे. या शहरात अठराव्या शतकात छापील सुती कापडाचे कारखाने निघाले. त्या कापडाला इथे ‘इंडियानेस’ म्हणत, म्हणजे हिंदुस्थानी. आपल्याकडच्या छिटांची ती नक्कल. त्याच पैशातून पुढे गिरण्या उभ्या राहिल्या.

तिथून परतताना एका दुकानात भाऊंनी साधा सुती टी-शर्ट उचलला. किंमत पंचवीस युरो. तेव्हा एक युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वादोन हजारांवर. दादांनी कापड दोन बोटांत चोळलं, शिवणीतून निघालेला धागा ओढून पाहिला आणि म्हणाले, ‘आपल्या इतकाच लांबीचा आहे. एकोणतीस-तीस.’ मग दोघांनी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. शर्टात रुई दोनशे ग्रॅम. क्विंटलभर कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. घट-तूट धरून शर्टाला कापूस लागला पाऊण किलो. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० रुपये क्विंटल. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडले त्रेपन्न रुपये. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी आणि वेचणी. कताई, विणाई, शिलाई, वाहतूक, दुकानाचं भाडं सगळं मान्य केलं, तरी त्रेपन्न आणि सव्वादोन हजार यांच्यामधली ही जागा भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. शर्ट त्यांनी घडी घालून जागेवर ठेवला. पावती खिशात घातली.

ज्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर घेतलं जातं, तिथल्या माणसांनी सात लाख रुपये फिरण्यावर घालवावेत का, असं मला निघण्यापूर्वी काहींनी विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नाही. माझं उत्तर एवढंच, की दुःखाच्या गावात राहणाऱ्यानं जग पाहू नये असा नियम केला, तर जग फक्त भाव ठरवणाऱ्यांनीच पाहायचं. भाऊंची ती पावती आता त्यांच्या शेतकरी गटात हातोहात फिरते आहे. आपल्या कापसाची रुई करून विकता येईल का, सरकीचा पैसा घरात राहील का, याची बोलणी चालली आहेत. त्यातून काय निघेल ते पुढे कळेल.

शेवटचं बंदर मार्सेय. मराठी माणसाला हे नाव शाळेपासून पाठ असतं. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीच्या गवाक्षातून इथेच उडी घेतली. किनारा गाठला, पण फ्रान्सच्या भूमीवर पकडून त्यांना पुन्हा बोटीवर नेलं गेलं. ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूनं लागला. आम्ही धक्क्यावर उभं राहून पाण्याकडे बघितलं. आमचे हे विहिरीत पोहायला शिकलेले. ते अंतराचा अंदाज घेत होते. पुसदच्या वहिनी म्हणाल्या, ‘सरांनी दरवर्षी वर्गात ही उडी सांगितली असती, गणिताच्या तासाले बी.’ आणि हसल्या. सर गेल्यानंतर त्यांच्याबद्दल बोलताना वहिनींना हसताना मी प्रथमच पाहिलं.

श्रोतेहो, आता मुद्द्याचं सांगते आणि थांबते. आपण साठीच्या आसपास सहली आखतो त्या जोडप्यांच्या. त्यात काही गैर नाही. पण या वयात चार जोडप्यांचा गट फार काळ चार जोडप्यांचा राहत नाही, हे आपण धरून चालत नाही. कोणीतरी एकटं पडतं. ते माणूस स्वतःहून मागे सरतं, आणि आपणही ‘त्यांना बरं वाटणार नाही’ असं म्हणून त्यांना विचारायचं टाळतो. विचारत चला. पैशाचं गणित नीट मांडलं तर सुटतं. चार आणि तीनची वाटणी करायला फक्त तिघा नवऱ्यांची थोडी समजूत काढावी लागते. जाताना औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवा, विमा कमी रकमेचा काढू नका, आणि पैसा एकदम कर्ज काढून उभा करू नका. दहा वर्षं लागली तरी चालतील. त्या दहा वर्षांत कोण कोणाचा हप्ता भरतो ते कळतं, आणि प्रवासाला कोणाबरोबर निघावं ते त्यावरूनच ठरतं.

आम्ही परतल्यावर जूनमध्ये पाऊस झाला आणि भाऊंनी पऱ्हाटी लावली. जुलैच्या दहा तारखेला आमची नवी भिशी सुरू झाली. या वेळी आम्ही आठ जणी आहोत. त्यांतल्या तीन एकट्या. खोल्यांची वाटणी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे. कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. ते ठरवण्याचं काम पुसदच्या वहिनींकडे दिलं आहे. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून शाळेचा जुना नकाशा नेला, तो अजून परत आलेला नाही.